लोवेल स्टाउडरचे एकोणीस डाव

“कुंपणाचा खांब! पोराला कुंपणाचा खांब करून ठेवलंयस तू, लोवेल. खांबालासुद्धा वर्षाकाठी एकदा रंग मिळतो.”

“नॅडीन, बटणांना हात लावू नकोस.”

“लावणार. हा बघ, लावला.”

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेणकापड होतं आणि त्यावर दहा बटणं मांडलेली होती. पाच पांढरी, शर्टाची; पाच काळी, कुठल्याशा जुन्या ओव्हरकोटाची. नॅडीननं एका फटकाऱ्यासरशी ती सगळी कोपऱ्यात लोटली. चेंडू म्हणून ठेवलेला घेवड्याचा सुका दाणा खाली पडला आणि घरंगळत म्हाताऱ्या एमेटच्या बुटापाशी जाऊन थांबला. एमेट म्हणजे लोवेलचा बाप. बायको गेल्यापासून तो मागच्या खोलीत राहायचा आणि भांडण असलं की आवर्जून पुढे येऊन बसायचा. त्यानं दाण्याकडे पाहिलं.

“चेंडू बाहेर,” तो म्हणाला. “पांढऱ्यांचा पास.”



भांडण चार वाजल्यापासून चाललं होतं. चारला रेक्स शाळेतून आला, एकतीस नंबरची जर्सी आणि चड्डी नीट घडी करून धुण्याच्या मशीनवर ठेवली, “शुक्रवारी मी खेळणार नाही,” असं आईला म्हणाला आणि कोठाराकडे निघून गेला. जाताना त्यानं दार आपटलं नाही. नॅडीनला तेच जास्त लागलं. आपटलं असतं तर ती ओरडली असती आणि निम्मी गोष्ट तिथंच मिटली असती.

शुक्रवारी बास्केटबॉलच्या सेक्शनलच्या, म्हणजे विभागीय स्पर्धेच्या, मॅचेस सुरू होत होत्या. हरलं की घरी, असा तो मामला. हार्डिन ग्रोव्हच्या शाळेचं हे शेवटचं सेक्शनल होतं. उन्हाळा संपला की तीन गावांच्या शाळा एक होऊन हमरस्त्यावर नवी शाळा उघडणार होती. गावात माणसं आठशे आणि जिममध्ये बाकं दोन हजारांची. त्या जिमचं पुढे काय करायचं यावर चर्चमध्येसुद्धा वाद होत होते. रेक्सचंही शाळेतलं शेवटचं वर्ष. म्हणजे शुक्रवार गेला की गेलाच.

“मी आज तुझी वही वाचली,” नॅडीन म्हणाली.

“ती वही माझी आहे.”

“आणि पोरगा? तो कुणाचा आहे?” तिनं एक पांढरं बटण चिमटीत धरून त्याच्या नाकासमोर नेलं. त्याची एका बाजूला कपची उडालेली होती. “हा रेक्स ना? वहीत वर्तुळाला खाच पाडतोस तो? एकोणीस पानं आहेत, लोवेल. एकोणीस डाव. एकाही पानावर शेवटचा बाण त्या खाचेच्या वर्तुळाकडे जात नाही. दोनदा बघितलं मी. एकदा त्याची आई म्हणून आणि एकदा स्कोअरबुक लिहिणारी म्हणून.”

शाळेचं स्कोअरबुक नॅडीन अकरा वर्षं लिहीत होती. तिच्याशी वाद घालायची रेफरींचीही छाती होत नसे.

“त्याच्यासारखा स्क्रीन अख्ख्या कौंटीत कुणी लावत नाही,” लोवेल म्हणाला. “कोच म्हणून सांगतोय.”

“आणि बाप म्हणून काय सांगतोस?”

लोवेलनं बटणं गोळा करायला सुरुवात केली. स्क्रीन म्हणजे आपल्या गड्याच्या मागावर असलेल्या माणसाच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहायचं. तो माणूस येऊन आपल्यावर आदळतो, आपला गडी मोकळा सुटतो, बास्केट टाकतो, टाळ्या घेतो. भिंतीसाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. रेक्सच्या बरगड्यांवर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत निळेजांभळे डाग असायचे. ते नॅडीनला माहीत होते, कारण ऑलिव्ह तेल तीच चोळायची.

“गावात काय बोलतात ते तरी माहीत आहे का?”

“गावात काय बोलतात ते मला सांगू नकोस!” लोवेल एकदम ओरडला. एवढा वेळ तो ओरडला नव्हता. एमेटनं खुर्ची जरा पुढे घेतली.

“सांगणार. वेन क्रिटेंडनच्या पोराला बास्केट आणि एप्रिलमध्ये तुला नव्या शाळेच्या कोचची नोकरी, वेन बोर्डावर आहे ना, असं बोलतात.”

“आणि रेक्सला चेंडू दिला असता तर काय बोलले असते?”

“तेही काहीतरी बोललेच असते. म्हणून काय आपण त्यांना विचारून जेवायचं?”

लोवेलनं टोपी घेतली, गाडी काढली आणि कौंटीच्या चौकोनी रस्त्यांवरून तासभर नुसता फिरून आला. परत आला तेव्हा गाडीत पेट्रोलही नव्हतं आणि काही ठरलेलंही नव्हतं.

लोवेल जन्मला तो हार्डिन ग्रोव्हमध्येच. एमेटनं कोठाराच्या भिंतीला पिंपाचं लोखंडी कडं ठोकून दिलं, त्यात चेंडू टाकत तो वाढला. वाढला म्हणजे साडेपाच फुटांपर्यंत. शाळेच्या टीममध्ये घेतलं खरं, पण दोन वर्षं तो बेंचवरच बसला. बेंचवरून खेळ वेगळा दिसतो. लोकांचे डोळे चेंडूवर असतात. लोवेलला सवय लागली ती चेंडू हातात नसलेल्या चौघांना बघायची. कोण कुणाला ओढून नेतो, कोण उगाच धावतो, कुणाच्या मागं दार उघडं राहतं. पुढं तो सैन्यात जाऊन आला, मास्तरकीची परीक्षा दिली आणि गावच्या शाळेत सुतारकाम आणि मोटार चालवणं शिकवायला लागला. कोच म्हातारा झाला तेव्हा ती शिट्टीही त्याच्याच गळ्यात पडली. त्याला चौदा वर्षं झाली.

अवघड बास्केट टाकणाऱ्या पोरांचं त्याला कौतुक नव्हतं. “मला सर्कस नको,” तो सांगायचा. “मला रिंगखाली एकटा उभा असलेला पोरगा हवा. तो इतका एकटा असला पाहिजे की त्याचीच त्याला लाज वाटावी.”

डाव तो शेवटाकडून रचायचा. आधी रिंगखाली एक पांढरं बटण आणि त्यावर घेवड्याचा दाणा ठेवायचा, आसपास वीतभर एकही काळं बटण नाही असं. मग उलटं मागं जायचं. इथं जो काळा असायला हवा होता तो कुठं गेला? त्याला कुणी नेलं? नेणाऱ्याला तिथं कुणी पाठवलं? असं करत करत तो पहिल्या पासपर्यंत यायचा आणि मग वहीत उतरवायचा. डावांना नावं असायची शेतातली: उत्तरेचं फाटक, मक्याची वाट, गोठ्याचं दार. हॉटेलात बसला की मिठाच्या आणि मिरीच्या डब्या सरकवायचा. सासऱ्याच्या अंत्यविधीला त्यानं फुलांच्या कुंड्या इकडच्या तिकडं केल्या. लोकांना वाटलं, जावई हळवा आहे. नॅडीननं मात्र त्याला कोपरानं ढोसलं होतं.

चार वर्षांपूर्वी रेक्स पहिल्यांदा टीममध्ये आला. चौदा वर्षांचा, हातपाय नुसते लांबलेले, पण हात असा की कोठारात त्याची लागोपाठची बास्केट्स मोजता मोजता एमेट थकून जायचा. एका मॅचमध्ये शेवटची तीन मिनिटं लोवेलनं त्याला उतरवलं. तेवढ्यात वरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, “कोच, ही मॅच आहे, रविवारचं घरचं जेवण नाही!” दोन हजार माणसं हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोवेल जिमपाशी गेला तर बाजूच्या दाराच्या मुठीला तान्ह्या बाळाचं लाळेरं बांधलेलं. निळं, त्यावर बदक. त्यानं ते सोडलं, खिशात कोंबलं, पुढं कचऱ्यात टाकलं आणि कुणाला बोलला नाही. नॅडीनलाही नाही.

त्यानंतर त्यानं काही ठरवलं असं नव्हे. शपथेवर विचारलं असतं तरी तो म्हणाला असता, टीमसाठी जे बरं तेच मी करतो. फक्त डाव रचायला बसला की रिंगखाली ठेवायला बटण उचलताना त्याचा हात कपची उडालेल्या बटणावरून आपोआप पुढं जायचा.

आणि मग मागचा शुक्रवार. वॅन्स सेंटरविरुद्ध एका गुणानं मागं, आठ सेकंद राहिलेली. लोवेलनं ‘उत्तरेचं फाटक’ सांगितलं. रेक्स रिंगपासून वर आला, डेनी क्रिटेंडनसाठी स्क्रीन लावून उभा राहिला, डेनी त्याच्या खांद्याला घासून बाहेर पडला, त्याला पास मिळाला. इथवर वहीतल्यासारखं. पण रेक्सच्या मागावरच्या माणसानं रेक्सला सोडून दिलं आणि तोही डेनीवर धावला. डेनीपुढं दोघं उभे. आणि रेक्स वळून रिंगखाली गेला तर तिथं दुसरं कुणीच नव्हतं. दोन्ही हात वर करून तो उभा होता. चौदा वर्षं लोवेलनं ज्याचा ध्यास घेतला होता ते चित्र त्याच्या डोळ्यासमोर होतं. चार सेकंद होती. डेनीनं दोघांवरून चेंडू फेकला, तो रिंगला लागून बाहेर आला आणि भोंगा वाजला.

हात मिळवताना वॅन्स सेंटरचा कोच अगदी आपुलकीनं म्हणाला, “तुमचा एकतीस नंबर गुणी पोरगा आहे. त्याच्यावर आम्ही माणूसच ठेवत नाही. तेवढं काम तुम्ही आमचं वाचवता.”

सेक्शनलच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा पहिल्याच मॅचला समोर पुन्हा वॅन्स सेंटर आलं.

बुधवारी लोवेलचा मोटारीचा तास होता. मार्लीन नावाची मुलगी चाकावर होती, रस्त्यावर वितळलेल्या बर्फाचा चिखल.

“कोच, चौकात कुठं वळू?”

“बेसलाईनकडे,” लोवेल म्हणाला. त्याच्या डोक्यात अजून जिममधलं मैदानच होतं.

“कुठं?”

“डावीकडे. डॉईल न्हाव्याच्या दुकानापाशी थांबव. इंजिन चालू ठेव. कशालाही हात लावू नकोस.”

केस कापायचे होते असं नाही, पण घरी जायचं नव्हतं आणि शाळेत रेक्स होता. डॉईलच्या खुर्चीत बसलं की निदान हात टॉवेलाखाली गप्प राहतात. तेही राहिले नाहीत.

“कोच, खुर्चीच्या हातावर ठोकू नका, कात्री लागेल,” डॉईल म्हणाला. “कान दोनच दिलेत देवानं. मग, शुक्रवारी काय? पुन्हा डेनीलाच का? नाही, मी म्हणतो, वॅन्स सेंटरवाल्यांना आधी पत्र तरी टाकायचं. त्यांचा धावण्याचा त्रास वाचेल.”

भिंतीकडेला बसलेला एक शेतकरी पेपराआडून खुदखुदला.

“तुला काय वाटतं?” लोवेलनं विचारलं. “मी पोराला उतरवलं की तुम्ही ओरडणार, नाही उतरवलं की पत्र लिहिणार.”

“ओरडलो कधी आम्ही?”

“रविवारचं घरचं जेवण,” लोवेल म्हणाला. आरशात त्याला स्वतःचे कान लाल झालेले दिसत होते. “आणि सकाळी जिमच्या दाराला लाळेरं बांधलं होतंत. निळं. बदकाचं.”

डॉईलची कात्री थांबली. त्याला काही आठवेना. मग आठवलं तसा तो आधी हसला आणि लोवेलचा चेहरा बघून हसायचा थांबला.

“अहो, ते हेरॉल्डचं होतं. बॉयलर बघतो तो हेरॉल्ड. त्याच्या लेकीला त्या दिवशी जुळं झालं. तो त्याच दारानं आत जातो ना, म्हणून आम्ही बांधलं. आणि ते तुम्ही काढलंत? तो मला आठवडाभर विचारत होता, सगळ्यांनी मला काहीतरी दिलं, तूच कसं नाही दिलंस.”

“आणि ओरडला कोण?”

“ते मीच असणार. मी प्रत्येक मॅचला ओरडतो, कोच. घरी ओरडायची सोय नाही, म्हणून तर तिकीट काढतो.” पेपराआडून पुन्हा खुदखुद. डॉईलनं आवाज उतरवला. “कॉफी पिऊन घरी गेलो तेव्हा विसरलोसुद्धा होतो. तुम्ही काय, ते अजून घेऊन फिरताय?”

लोवेल उठला. टॉवेल खुर्चीवर टाकला आणि उजव्या कानाकडचे केस कापलेले, डाव्या कानाकडचे तसेच, अशा अवस्थेत बाहेर पडला.

“कोच, अर्धंच—” डॉईल मागून ओरडला.

मार्लीननं त्याच्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा क्लच नीट सोडला.

संध्याकाळी कोठारात रेक्स चेंडू टाकत होता. एमेट ओव्हरकोट घालून उपड्या बादलीवर बसला होता आणि खाली आलेला चेंडू काठीनं त्याच्याकडे ढकलत होता.

“एकवीस,” एमेट म्हणाला. “लागोपाठ. बावीस. हा कोण आला, अर्ध्या केसांचा?”

“बाबा, तुम्ही जरा आत जाता का?”

“मी माझ्या बादलीवर बसलोय.”

लोवेलनं चेंडू उचलला. हातात नुसता फिरवला. “शुक्रवारी तू हवा आहेस मला.”

“स्क्रीन कुणीही लावेल,” रेक्स म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. “रुंद पोरं आहेत आपल्याकडे.”

“तुला शूट करायला मिळत नाही म्हणून—”

“नाही. मला स्क्रीन लावायला आवडतं. खरंच आवडतं. माणूस येऊन आदळतो ना, तेव्हा कळतं की आता मागे काहीतरी चांगलं होणार. त्याबद्दल मी कधी बोललो का? चार वर्षांत एकदा तरी?” रेक्सनं हात पुसले. “पण मागच्या शुक्रवारी मी रिंगखाली एकटा होतो. आणि तू मला बघितलंस.”

“चार सेकंद होती, गर्दी, आवाज—”

“बघितलंस, बाबा. आपली नजरानजर झाली. तुझं तोंड उघडलं होतं. मग मिटलंस.”

एमेटची काठी जमिनीवर थांबली.

“तिथं दुसरा कुणी असता, कुणाचाही पोरगा, तर तू त्याचं नाव घेऊन ओरडला असतास,” रेक्स म्हणाला. “मी तेवढंच म्हणतोय.”

लोवेलला लाळेऱ्याचं सांगायचं होतं. “चार वर्षांपूर्वी,” इथपर्यंत तो आलाही. पण समोर सहा फूट दोन इंचांचा पोरगा उभा होता, बरगड्यांना तेल लावून घेणारा, आणि त्याला काय सांगायचं? की दुसऱ्याच्या नातवंडांचं एक फडकं मी दारावरून सोडलं आणि त्यापायी तुला चार वर्षं भिंत करून उभं केलं? रेक्सनं त्याच्या हातातून चेंडू घेतला, रागानं नाही, आणि पुन्हा टाकला.

“तेवीस,” एमेट हलकेच म्हणाला.

लोवेल स्वयंपाकघरात येऊन बसला. बटणं मांडली. कपची उडालेलं बटण त्यानं उचललं. बोटांना ते सवयीचं नव्हतं. रिंगखाली ठेवलं. दाणा ठेवला. आणि उलटा मागं जायला लागला. जमेना. दर वेळी कुठून तरी एक काळं बटण येऊन रेक्सच्या उरावर बसत होतं. तो उठला, नळ सोडला, पाणी न पिताच बंद केला, पुन्हा बसला. पुन्हा उठला.

नॅडीन सिंकपाशी बटाटे सोलत होती. कालपासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. केसांकडे पाहून “काय हे ध्यान” एवढंच म्हणाली होती. तेही एमेटला.

“बस तरी नाहीतर ऊठ तरी,” शेवटी ती म्हणाली. “माझं डोकं फिरायला लागलं.”

“डाव बसत नाही नीट. रेक्सला सोडवायला मी स्क्रीनला कुणालाही पाठवला तरी त्या पाठवलेल्याच्या मागावरचा तिथं येऊन मदत करतो. दोघं येतात.”

“कोण? हा काळा?” तिनं सोलणीनं दाखवलं. “हा कुणाला घाबरतो?”

“घाबरणार कुणाला? ते सगळे एका डेनीलाच घाबरतात.”

“मग डेनीपाशीच उभं कर ना त्याला. तिथून हलणार नाही.”

ती बटाट्यांकडे वळली. लोवेलचा हात अधांतरी राहिला. मग त्यानं डेनीचं बटण उचललं, डेनीचं, ज्याच्यासाठी दहा-बारा पानं खर्ची पडली होती, आणि ते रेक्सच्या वाटेवर भिंतीच्या जागी ठेवलं. डेनी स्क्रीन लावतोय. डेनीच्या मागावरच्या माणसानं डेनीला सोडलं तर डेनी मोकळा, आणि डेनीला मोकळं सोडायची हिंमत कौंटीत कुणाची नाही. म्हणजे तो चिकटून राहणार. म्हणजे रेक्सच्या मागचा एकटाच भिंतीवर आदळणार. म्हणजे रेक्स रिंगखाली…

त्यानं तीनदा करून पाहिलं. तीनदा उलटं आणि दोनदा सुलटं. कुठंही दया नव्हती त्यात. चोख काम होतं, सांध्यात पत्त्याचं पानही शिरणार नाही असं. हा डाव इतके दिवस त्याच्या समोर पडून होता.

त्याला बरं वाटायला हवं होतं. पण रात्रीचं जेवण उरकून झालं, भांडी झाली, तरी त्याचे गुडघे टेबलाखाली हलत राहिले. कारण शुक्रवारी दीडशे मैलांवरून एका कॉलेजचा माणूस डेनीला बघायला येणार होता. वेननं त्याच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवली होती. आणि त्या माणसाला पहिल्यांदा दिसणार काय, तर वेन क्रिटेंडनचा पोरगा कोचच्या पोरासाठी आडवा उभा आहे.

गुरुवारी सकाळी, शाळा भरायच्या आधी, तो वेनच्या धान्याच्या कोठीवर गेला. मक्याची धूळ हवेत तरंगत होती. वेन काउंटरमागं पावत्या लावत होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग चष्मा काढला.

“दीडशे मैल गाडी हाकून तो माणूस काय बघायला येणार? माझा पोरगा दुसऱ्याची भिंत झालेला?”

“डेनीला सोडून कुणी हलत नाही हे बघेल. शहाणा असला तर तेवढ्यावरून त्याला कळेल.”

“आणि नसला तर?”

“डेनीचीही बास्केट्स होतील, वेन. पण पहिला डाव हा. आणि अडलं तर शेवटचाही हाच.”

“कुणासाठी म्हणालास?”

“रेक्ससाठी.”

“तुझा पोरगा.”

“हो. माझा.” काउंटरपाशी मक्याचं पोतं घ्यायला आलेले दोघं होते. लोवेल त्यांना ऐकू जाईल अशाच आवाजात बोलला. “माझा आहे म्हणूनच इतके दिवस चुकलो.”

वेननं चष्मा परत चढवला. “एप्रिलमध्ये बोर्ड बसतंय नव्या शाळेचं. मी तुला धमकी वगैरे देत नाही, लोवेल. पण लोक विचारतील. कोचनं कॉलेजच्या माणसासमोर असं का केलं म्हणून. मी काय सांगू त्यांना?”

“डाव चांगला होता म्हणून सांग.”

“तसं कुणी मानत नाही, तुला माहीत आहे.”

“माहीत आहे,” लोवेल म्हणाला.

पोतेवाल्या दोघांनी वाट दिली. दुपारपर्यंत ही गोष्ट डॉईलच्या दुकानात, तिथून हॉटेलात आणि हॉटेलातून शाळेच्या भटारखान्यात पोचणार, हे त्याला गाडी सुरू करतानाच कळलं होतं. तशी ती पोचलीही. तिसऱ्या तासाला सुतारकामाच्या वर्गात एक पोरगा दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलला आणि दोघंही रंध्याकडे बघत राहिले. लोवेलनं वहीतली पानं तिथंच, त्यांच्या समोर फाडली. वॅन्स सेंटरला ती त्याच्यापेक्षा जास्त पाठ होती.

साडेपाचला सगळे जेवायला बसले. कुस्करलेल्या बटाट्यावर कोंबडीच्या रश्शातल्या शेवया, शेंगांची भाजी, एमेटसाठी मीठ वेगळं. रेक्स आला होता. जेवायला तो येतच होता, बोलत मात्र नव्हता. नॅडीननं वाढलं. एमेटनं प्रार्थना इतक्या घाईनं उरकली की आमेन कुणाला ऐकूच आलं नाही. मग नुसते काटे वाजत राहिले.

“हॉटेलात म्हणत होते,” नॅडीन ताटाकडे बघत म्हणाली, “तू वेनच्या कोठीवर गेला होतास.”

“गेलो होतो.”

“काय सांगितलंस?”

लोवेलनं काटा खाली ठेवला. आधी नॅडीनकडे पाहिलं, मग बापाकडे, मग रेक्सकडे. आणि रेक्सनं मान वर करीपर्यंत त्याच्याकडेच बघत थांबला.

“उद्या पहिला डाव रेक्सचा आहे,” तो म्हणाला. “डेनी त्याच्यासाठी स्क्रीन लावणार. वेनला सांगून आलोय, डेनीला मी प्रॅक्टिसला सांगितलंय. एप्रिलमध्ये नव्या शाळेला कोच बहुतेक दुसरा मिळेल, तेव्हा मी सुतारकामच शिकवीन. जुने डाव मी फाडून टाकले. रेक्स आला नाही तर हा डावही होणार नाही, आणि दुसरा माझ्याकडे नाही. मॅचला जायची बस उद्या साडेपाचला सुटते.”